बंद पेट्रोल पंपाची जागा आणि शेजारच्या बोअरला येणारा वास

प्रश्न : सातारा रस्त्यालगतची आमची जागा वडिलांनी एका सरकारी तेल कंपनीला पंपासाठी भाडेपट्ट्याने दिली होती. गेल्या वर्षी पट्टा संपला, कंपनीने टाक्या काढून खड्डे बुजवले. आता विकसन करारनाम्याची बोलणी चालू असतानाच शेजारच्या सोसायटीच्या बोअरला पेट्रोलचा वास येऊ लागला आणि त्यांची नोटीस आम्हाला आली. कंपनी म्हणते, ‘ताबा दिला, विषय संपला.’ बिल्डर म्हणतो, ‘तुम्ही हमी द्या, माती आम्ही उचलतो.’ पंप तर आम्ही कधी चालवलाच नाही. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नोटिशीला उत्तर चार दिवसांनी गेलं तरी चालेल. आज सोसायटीच्या अध्यक्षांना फोन करा आणि ते पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, अंघोळीलाही वापरू नका म्हणून सांगा. पेट्रोलमधल्या बेंझीनने कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि ती वास न येताही ओलांडलेली असू शकते. हेच पत्राने कळवा, ‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता’ एवढे शब्द घालून. त्या घरांत लहान मुलं असतील, म्हणून हे आधी.

दुसरं, बिल्डरला मातीला हात लावू देऊ नका. ती माती तुमचा पुरावा आहे. शिवाय जल प्रदूषण कायदा, १९७४ चं कलम २४ जाणूनबुजून घाण विहिरीत किंवा जमिनीवर जाऊ देणाऱ्यालाही धरतं. नोटीस हातात पडल्यावर ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. बिल्डरने उचललेल्या मातीचा ट्रक दुसऱ्याच्या शेतात रिकामा झाला, तर उद्या तुमचंही नाव लागेल.

आता तपासणी. आपल्याकडे खाली काळा कातळ, पाणी त्याच्या भेगांतून वाट काढतं. त्यामुळे बोअर शेजारी आहे एवढ्याने दोष तुमच्या जागेचा ठरत नाही, आणि तुमचा एक नमुना स्वच्छ आला म्हणून जागाही सुटत नाही. टाक्यांचे खड्डे, पाइपलाइन, पंपाची यंत्रं होती ती ठिकाणं, सगळीकडची माती निरनिराळ्या खोलीवरून घ्यावी लागते. पाण्याची दिशा कळायला किमान तीन बोअर, कातळात बहुधा जास्तच. भूजलतज्ज्ञ नेमा, नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच घ्या. बेंझीन उडून जातं, म्हणून काचेची कुपी काठोकाठ भरून बर्फात न्यावी लागते. प्लॅस्टिकच्या बाटलीतून नेलेल्या पाण्याचा अहवाल समोरचा वकील पाच मिनिटांत उडवेल. कंपनी आणि सोसायटी दोघांना आधी लेखी तारीख कळवा, त्यांच्यासमोर पंचनामा करा.

कंपनीचा ‘विषय संपला’ हा दावा मला मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, पट्ट्यात वेगळं ठरलं नसेल तर, जागा घेतली तशी परत करायची असते, वापरातली साधी झीज सोडून. जमिनीत मुरलेलं पेट्रोल ही झीज नव्हे. माहिती अधिकारात टाक्यांच्या गळती चाचण्या, साठ्याच्या रोजच्या नोंदी आणि पेसोने (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्रीय यंत्रणा) मंजूर केलेला नकाशा मागा. साठ्यातली न उलगडणारी तूट बऱ्याचदा सगळं सांगून जाते.

महापालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला स्वतःहून कळवा. दूषित जागांबाबतचे २०२५ चे केंद्रीय नियम आता आहेत, त्यांत मंडळाने प्राथमिक तपासणी ९० दिवसांत करायची आहे. साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडीच्या विहिरींच्या प्रकरणात सांगितलं आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) कायद्याच्या कलम २० मध्येही तेच आहे. लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. भरपाई आणि जागा पूर्ववत करण्याच्या अर्जाला मुदत पाच वर्षं, पण ती कारण प्रथम घडल्यापासून मोजतात, म्हणून कंपनीला नोटीस याच महिन्यात जाऊ द्या. मालक म्हणून तुम्हालाही प्रतिवादी करतील, हे धरून चला.

बिल्डरला अमर्याद हमी देऊ नका आणि त्याच्यापासून काही लपवूही नका. तपासणी अहवाल करारनाम्याला जोडायचा, तोवर सही नाही.

आणि एक कागद आजच शोधा : कंपनीने टाक्या काढल्या तेव्हाची ताबापावती. तिच्यावर ‘कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून तुमच्या घरातल्या कुणी सही केली आहे का, हे तुमच्या वकिलाला कंपनीला नोटीस पाठवण्याआधी कळायला हवं.