हिवाळ्यात गोल्फच्या मैदानावर काम काय असते? यावलच्या मित्रास उत्तर

तुम्ही यावल परिसरात ठिबकची कामे केली आहेत, कृषी पदविका घेतली आहे आणि आता कॅनडातल्या कॅलगरीजवळच्या एका गोल्फ क्लबात मैदान देखभालीची नोकरी मिळण्याची शक्यता आहे. परंतु वर्षातले चार-पाच महिने सगळे बर्फाखाली असताना तिथे काम तरी काय असते, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा रावेर तालुक्यातला असून इकडे हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हिवाळ्याचे बहुतेक काम हिवाळ्याच्या आधी उरकावे लागते. इथे थंडीत जमीन चार-पाच फुटांपर्यंत गोठू शकते आणि तुषार सिंचनाचे पाइप त्याहून बरेच वर असतात. त्यांत पाणी राहिले तर ते गोठून फुगते आणि पाइप, व्हॉल्व, फिटिंग सगळे फोडते. म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास मोठा कॉम्प्रेसर जोडून एकेक विभाग हवेने रिकामा करतात. तोटीतून आधी पाण्याची जोरदार धार येते, मग फुरफुरत तुषार येतात आणि शेवटी नुसती कोरडी हवा सुटते. ती सुटली की पुढच्या तोटीकडे वळायचे. हवेचा दाब मात्र बेताचा ठेवावा लागतो, कारण कोरड्या पाइपातून वेगाने धावणारी हवा तापते आणि प्लास्टिकला इजा करते. तुमचा हात या कामावर लवकर बसेल.

त्याच सुमारास ग्रीनवर, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात टाकायचा त्याभोवतीच्या सुमारे तीन मिलिमीटर उंचीवर कापलेल्या गवतावर, बुरशीनाशकाची फवारणी होते. हिमाखाली वाढणारी गुलाबी आणि करडी अशी दोन प्रकारची बुरशी असते, आणि हिम साचल्यावर फवारता येत नसल्याने ही वेळ चुकवून चालत नाही. मग वाळूचा जाडसर थर देतात आणि काही ठिकाणी ग्रीनवर आच्छादने ताणून बसवतात.

आपल्याकडे पारा दहाच्या खाली गेला की केळीच्या बागेत रात्री पाणी सोडतात, धूर करतात. इथे उणे तीस अंशांतही गवत जगते, कारण भुसभुशीत हिमाचा थर रजईसारखा असतो. म्हणून तो तुडवायचा नाही आणि उगाच काढायचाही नाही. खरा धोका घट्ट बर्फाचा. कॅलगरीला रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा उबदार, कोरडा वारा उतरतो आणि काही तासांतच तापमान वीसेक अंशांनी वाढू शकते. हिम वितळते, पाणी खोलगट जागी साचते आणि वारा थांबला की त्याचा काचेसारखा पापुद्रा होतो. त्याखाली गवताला श्वास घेता येत नाही. पोआ अ‍ॅन्युआ हे गवत अशा स्थितीत दीड-दोन महिन्यांत मरू लागते. बेंटग्रास हे ग्रीनवरचे दुसरे गवत तीन-चार महिनेही तग धरते. दुसरे संकट हिवाळ्याच्या शेवटी येते: उबेमुळे गवताचा बुडखा पाणी पितो आणि एका रात्रीत कडाका पडला की आतल्या पेशी फुटतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये हिम वेळीच बाजूला करणे आणि वितळलेल्या पाण्याला वाट काढून देणे, हे मला या नोकरीतले सर्वांत कसबी काम वाटते.

गवत जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी छिन्नी-हातोड्याने गोठलेल्या ग्रीनमधून मुठीएवढा तुकडा काढून वर्कशॉपच्या उबदार खिडकीत ट्रेमध्ये ठेवतात. काही दिवसांत पोपटी कोंब दिसले तर ठीक; बर्फ फोडताच कुजका वास आला तर वसंतात पुन्हा पेरणीची तयारी ठेवायची. उरलेल्या दिवसांत कापणीयंत्रांची पाती घासणे, झाडे छाटणे, रस्ते मोकळे करणे चालते.

पण एवढ्या कामाला सगळी माणसे लागत नाहीत. बऱ्याच क्लबांत नोव्हेंबरमध्ये हंगामी कामगारांना घरी बसवतात आणि एप्रिलच्या आसपास परत बोलावतात. वर्क परमिट एकाच मालकाशी बांधलेला असेल तर त्या महिन्यांत तुम्हाला दुसरीकडे राबताही येणार नाही. म्हणून काम बारमाही आहे की हंगामी, हिवाळ्यात आठवड्याचे किती तास मिळतील आणि राहण्याची सोय कोणाची, हे करारात लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नका. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे अल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात, बेकायदेशीर आहे, तेव्हा जळगावातला एखादा एजंट त्यासाठी लाखाची भाषा करू लागला तर त्याला तिथेच नमस्कार करा.

बारमाही जागा हवी असेल तर फवारणीचे प्रमाणपत्र आणि यंत्रदुरुस्तीचा हात, या दोन गोष्टींना क्लब महत्त्व देतात. कॅलगरीच्या उत्तरेला ओल्ड्स कॉलेज आहे. तिथे गवत व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते. तुमची पदविका त्यांच्या प्रवेशाला चालते का, हे अर्ज करण्यापूर्वी त्यांनाच ईमेलने विचारून घ्या.