ओकच्या ओंडक्यांवर शिटाके मशरूम का येत नाहीत?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीला असतो. मागच्या मार्चमध्ये बॅकयार्डमधला ओक तोडला, त्याचे ओंडके करून भोकं पाडली, शिटाकेचे प्लग (बुरशी वाढवलेल्या लाकडी खुंट्या) ठोकले, वरून मेण लावलं. वर्ष होत आलं तरी एकही मशरूम नाही. घरचे म्हणतात जाळून टाक. आणि पुण्याला आईकडे आंब्याची लाकडं आहेत, तिथे जमेल का?

उत्तर: जाळू नका हो, प्लीज! शिटाकेची बुरशी लाकूड खात खात आत पसरते आणि त्याला ६ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत वेळ लागतो, त्यामुळे तुमचं काही बिघडलंय असं मला अजिबात वाटत नाही. ओंडक्याची कापलेली टोकं बघा, तिथे पांढरट डाग दिसले तर बुरशी टोकापर्यंत पोचली आहे.

माझी खरी काळजी पाण्याची आहे. लाकडातला ओलावा फार कमी झाला की बुरशी मरायला लागते, आणि उन्हाळ्यात आठवडाभर पाऊस नसला की ओंडके आतून वाळतात, वरून कळतही नाही. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर भिजवा, मग साल वाळू द्या, नाहीतर दुसऱ्याच बुरशा येतात. जागा बारा महिने सावलीची हवी, ओकखाली ठेवले असतील तर पानगळीत ऊन लागतं, पाइनखाली किंवा शेडनेटखाली हलवा. साल जपा, ती सुटली की ओंडका लवकर संपतो.

मे-जूनमध्ये हवा उबदार झाली की एखादा ओंडका गार पाण्यात २४ तास बुडवून उभा टेकवून ठेवा. तयार असेल तर आठ-दहा दिवसांत मशरूम दिसतील. नाही आले तर परत सावलीत ठेवून द्या, आले तर काढून झाल्यावर ६ ते ८ आठवडे विश्रांती द्या, लगेच परत बुडवायचं नाही. चार इंच जाडीचा ओंडका असे साधारण चार वर्षं पीक देतो.

पुण्याचं म्हणाल तर लाकडापेक्षा उन्हाळा आडवा येतो, शिटाकेला गारवा लागतो. आईंना सोयाबीन किंवा गव्हाच्या काडावर पिशवीत धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावायला सांगा, २०-३० डिग्रीत साधारण महिनाभरात येते.

आणि हो, शिटाके नीट शिजवूनच खा, कच्चे राहिले तर काहींना अंगावर चाबकाच्या वळांसारखं पुरळ उठतं. ओंडक्यावर वेगळंच काही उगवलं तर ओळख पटल्याशिवाय तोंडात घालू नका.