वाचकांचे प्रश्न : वेग, स्थैर्य आणि खासगीपणा यांत कोणता ब्राउझर सरस?

प्रश्न : मी भाषांतराचे काम करते. माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे आणि दिवसभर वीस-पंचवीस टॅब उघडे असतात. सध्याचा ब्राउझर संथ झाला आहे. कोणी एज सुचवते, कोणी ब्रेव्ह, तर कोणी फायरफॉक्स. यांतला सर्वांत वेगवान कोणता?

उत्तर : ब्राउझरची नावे अनेक असली, तरी वेबपान प्रत्यक्ष पडद्यावर उमटवणारी प्रमुख इंजिने तीनच आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे ब्लिंक या इंजिनावर चालतात, सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्स गेकोवर. ब्लिंकदेखील २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघाले. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो हे इंजिन सोडून दिले आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज नव्या पायावर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, उभा केला. त्यामुळे क्रोमवरून एजकडे किंवा ऑपेराकडे वळल्याने पाने उमटण्याच्या वेगात मोठा फरक पडेल, ही अपेक्षा मुळातच चुकीची ठरते.

वेग मोजायचा असेल, तर ‘स्पीडोमीटर’ ही चाचणी स्वतःच्या संगणकावर करून पाहावी. कामांच्या यादीत नोंदी भरणे, त्यांवर खूण करणे, त्या पुसणे अशा नेहमीच्या क्रिया ती ब्राउझरकडून भराभर करून घेते आणि त्यांना लागलेला वेळ मोजते. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली. ॲपल, गूगल, मोझिला (फायरफॉक्स बनवणारी संस्था) आणि मायक्रोसॉफ्ट या एरवी स्पर्धक असलेल्या कंपन्यांचा तीत सहभाग असल्याने ती एका बाजूला झुकलेली असण्याचा संभव कमी आहे. चाचणी करताना लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, इतर टॅब आणि एक्स्टेन्शने (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद असावीत आणि प्रत्येक ब्राउझरवर ती निदान तीनदा करावी, कारण एकाच ब्राउझरचे आकडेही दर वेळी थोडे वेगळे येतात.

मात्र आपला संथपणा बहुधा इंजिनातून आलेला नाही. ब्राउझरच्या मेनूतील ‘मोअर टूल्स’मध्ये टास्क मॅनेजर असतो, कोणता टॅब किती मेमरी आणि प्रोसेसर वापरतो हे तो दाखवतो. तो उघडून, कशालाही हात न लावता, दोन मिनिटे नुसते पाहत राहावे. बहुतेक टॅब शांत पडलेले दिसतील, पण एखादे बातम्यांचे किंवा खरेदीचे पान, आपण ते वाचतही नसताना, प्रोसेसर सतत वापरत असलेले आढळेल. त्या पानातील जाहिराती स्वतःला पुनःपुन्हा ताज्या करत असतात आणि त्यांच्यासोबत पाळत ठेवणारे प्रोग्रामही चालू असतात. ब्रेव्हसारखा ब्राउझर वेगवान वाटतो, त्याचे श्रेय मुख्यतः याच गोष्टीला आहे. त्याचे इंजिन क्रोमचेच आहे. पण जाहिराती तो मुळात उतरवूनच घेत नाही. जाहिराती अडवणारे एक चांगले एक्स्टेन्शन घातल्यास हा लाभ इतर ब्राउझरमध्येही मिळतो. त्याखेरीज न वापरलेले टॅब निजवून ठेवण्याची सोय क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ या नावाने आहे. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ती चालू ठेवावी. ब्राउझर बदलण्याचा विचार एवढे केल्यावरही संथपणा राहिला, तरच करावा.

प्रश्न : मोठा अर्ज भरत असताना ब्राउझर अचानक बंद पडतो आणि भरलेले सगळे जाते. असे कधीही न होणारा ब्राउझर आहे का? आणि हल्लीचे ब्राउझर इतकी मेमरी का खातात?

उत्तर : कधीही बंद न पडणारा ब्राउझर नाही, परंतु एका पानाच्या चुकीची शिक्षा इतर पानांना होऊ नये, अशी व्यवस्था आज सर्वच प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या व्यवस्थेतच दडलेले आहे. पूर्वी सगळे टॅब एकाच प्रक्रियेत (प्रोसेस, म्हणजे संगणकात स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्रामचे एक काम) चालत आणि एक पान कोसळले की संपूर्ण खिडकी नाहीशी होई. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने सुरुवातीपासूनच पानांना स्वतंत्र प्रक्रिया दिल्या. फायरफॉक्सने हा बदल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आणला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘स्पेक्टर’ हा दोष उघड झाला आणि एकाच प्रक्रियेतील एक संकेतस्थळ दुसऱ्याची माहिती वाचू शकेल, ही भीती प्रत्यक्षात उभी राहिली. तेव्हा क्रोमने त्याच वर्षी संगणकावर प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रक्रिया देण्यास सुरुवात केली. फायरफॉक्समध्ये हे २०२१ मध्ये झाले. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःची मेमरी लागते. म्हणजे आपल्याला उधळपट्टी वाटणारी मेमरी बऱ्याच अंशी सुरक्षिततेपोटी मोजलेली किंमत आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे.

आपल्याकडे एक टॅब न कोसळता संपूर्ण ब्राउझरच बंद पडत असेल, तर संशयाची सुई एक्स्टेन्शनांकडे, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे किंवा अपुऱ्या मेमरीकडे वळते. फायरफॉक्सच्या मदत-मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यात एक्स्टेन्शने आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रे उमटवण्याचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवण्याची सोय) दोन्ही तात्पुरती बंद होतात. क्रोममध्ये नवी कोरी प्रोफाइल तयार करून तीच कामे करून पाहावीत आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन सेटिंग्जमधून बंद करावे. अशा स्थितीत एक-दोन दिवस ब्राउझर नीट चालला, तर एकेक गोष्ट परत चालू करत दोषी कोण ते शोधता येते. संगणकावर विंडोज ७ असेल, तर मात्र ही खटपट करू नये. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ होती आणि ती जानेवारी २०२३ मधली आहे. इतक्या जुन्या ब्राउझरवर महत्त्वाचे अर्ज भरणे धोक्याचे आहे. दोष दूर होईपर्यंत लांब उत्तरे आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून मग अर्जात चिकटवावीत.

प्रश्न : मी नेहमी इन्कॉग्निटो खिडकीच वापरतो. तरीही मी काय पाहतो हे जाहिरातदारांना कसे कळते?

उत्तर : इन्कॉग्निटो खिडकी आपला इतिहास लपवते तो त्याच संगणकावर बसणाऱ्या दुसऱ्या माणसापासून. संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता (आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिसतच राहतो, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे सामान्यतः कळते आणि खात्यात लॉगिन केले की ओळख पुरती उघड होते. हा गैरसमज इतका खोलवर रुजलेला आहे की त्यावरून गूगलविरुद्ध अमेरिकेत २०२० मध्ये दावा दाखल झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने साठवलेल्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

नेहमीच्या खिडकीत पाळत ठेवली जाते ती मुख्यतः त्रयस्थ कुकींच्या आधारे. समजा, एका दुकानाच्या संकेतस्थळावर आपण बूट पाहिले. त्या पानात एका जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो आणि तो आपल्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवून जातो, हीच त्रयस्थ कुकी. नंतर आपण पाककृतींचे पान उघडतो. तिथेही त्याच कंपनीचा तुकडा असतो, तो आपला जुना क्रमांक वाचतो आणि पाककृतीशेजारी बूट हजर होतात. ब्राउझरांमधला खरा फरक इथे दिसतो. सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ज्ञात पाळतखोरांच्या कुकी अडवल्या आणि जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकींना स्वतंत्र कप्पा दिला. क्रोमने २०२० मध्ये या कुकी दोन वर्षांत बंद करण्याचे जाहीर केले, मुदत अनेकदा पुढे ढकलली आणि एप्रिल २०२५ मध्ये सध्याचीच पद्धत चालू ठेवण्याचे ठरवले. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हे लक्षात घेतले की या निर्णयाचा अर्थ लावणे कठीण जात नाही. अर्थात मोझिलाचे बरेचसे उत्पन्नही फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध आधीपासून बसवण्याच्या करारातून येते, हेही सांगितलेच पाहिजे.

कुकी अडवल्यावरही ‘फिंगरप्रिंटिंग’ उरते. पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा, ग्राफिक्स अशा तपशिलांच्या जुळणीतून ब्राउझर ओळखला जातो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ८४ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय ठरले होते. म्हणूनच खासगीपणाच्या हौसेपोटी दहा-बारा एक्स्टेन्शने लादू नयेत, कारण त्यांतून आपण अधिकच उठून दिसू शकतो. टॉर ब्राउझर नेमके उलटे करतो. सर्व वापरकर्ते शक्य तितके सारखे दिसावेत, असा त्याचा प्रयत्न असतो आणि आपली विनंती तो सहसा तीन टप्प्यांतून फिरवून पाठवतो. त्यामुळे तो हळू चालतो आणि रोजच्या कामाला फारसा सोयीचा नाही.

माझे स्पष्ट मत विचारल्यास रोजच्या वापरासाठी फायरफॉक्स घ्यावा, त्यात जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एकच एक्स्टेन्शन घालावे आणि फायरफॉक्सवर न चालणाऱ्या मोजक्या संकेतस्थळांसाठी ब्लिंकवरचा एखादा ब्राउझर हाताशी ठेवावा. क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलल्यापासून तिथे या एक्स्टेन्शनची मर्यादित, ‘लाइट’ आवृत्तीच चालते. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती अजून चालते.

प्रश्न : हेच सगळे फोनलाही लागू आहे का?

उत्तर : अँड्रॉइडवर जवळजवळ सगळे लागू आहे, तिथल्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शनेही घालता येतात. आयफोनवर मात्र ॲपलच्या नियमानुसार प्रत्येक ब्राउझरला वेबकिटच वापरावे लागत आले आहे. या नियमातून सवलत मिळाली ती २०२४ मध्ये युरोपीय संघातील देशांपुरती आणि डिसेंबर २०२५ मध्ये जपानपुरती. त्यामुळे आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स घेतल्याने इंजिन बदलत नाही. बुकमार्क आणि पासवर्ड आपल्या संगणकावरील ब्राउझरशी जुळलेले राहावेत, एवढ्यासाठी तो घ्यायला हरकत नाही.