दुधाची पिशवी धुवायची का?

प्रश्न : आमच्या प्रभागात नुकतेच सुका कचरा स्वीकारणारे केंद्र सुरू झाले. मी दोन पोती भरून नेली. परंतु तेथील ताईंनी पिझ्झ्याचे खोके, न धुतलेल्या दुधाच्या पिशव्या आणि जुने सीएफएल दिवे परत केले. नेमके काय न्यावे आणि कसे न्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताईंचे काही चुकले नाही. केंद्रावरचा माल प्रकारवार निवडून वजनावर विकला जातो आणि ओला किंवा तेलकट माल शेजारच्या कोरड्या मालाचाही भाव पाडतो. लगदा करताना कागदाच्या तंतूंत मुरलेले तेल सहजी सुटत नाही. म्हणून खोक्याचा तेलकट तळ फाडून काढावा आणि कोरडे झाकण तेवढे पुठ्ठ्यात द्यावे.

दुधाच्या पिशवीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. ही पिशवी पॉलिथिनची असते आणि स्वच्छ असेल तर विकली जाते. पण तळाशी राहिलेले चमचाभर दूध दोन दिवसांत आंबते आणि तो वास पोते उघडणाऱ्याला सोसावा लागतो. पिशवी रिकामी होताच भांडी विसळण्याच्या पाण्यातच धुवावी आणि चिमट्याला उलटी टांगून वाळवावी. कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, पिशवीलाच लटकत ठेवावा. तेवढासा सुटा तुकडा वेचायला कोणी वाकत नाही आणि तो थेट गटारात जातो.

फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे ठळक लिहावे, कारण निवडण्याचे काम हातांनीच होते. चिप्सची चकचकीत पाकिटे अनेक थरांची असल्याने भंगारवाले सहसा घेत नाहीत. ती नेण्यापूर्वी केंद्रावर विचारून घ्यावे.

सीएफएल दिव्यांत पारा असतो. असे दिवे, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया आणि रंगाचे डबे यांना 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरले. ते वेगळ्या डब्यात साठवून, आपल्या क्षेत्रीय कार्यालयात विचारून ठरलेल्या ठिकाणीच द्यावेत.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदार कचरा घेतात आणि सुक्या मालाच्या विक्रीतून त्यांना उत्पन्न मिळते. आपल्या दारी अशी ताई येत असेल, तर रद्दी, पुठ्ठा आणि बाटल्या तिलाच द्याव्यात. ती घेऊ शकत नाही तेवढेच घेऊन केंद्राची फेरी करावी.