वाचकांचे प्रश्न : या प्रस्तावात डॉक्टर कुठे आहे?

(या महिन्यात गणितातलं संशोधन आणि त्यासाठी लागणारा पैसा यांवरची पत्रं घेतली आहेत. पत्रं संक्षिप्त केली असून लेखकांची नावं दिलेली नाहीत.)

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गणिताचा सहायक प्राध्यापक आहे. पीएचडी डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये. आमच्याकडे दर पावसाळ्यात डेंग्यू डोकं वर काढतो, त्याचं गणिती प्रारूप करावं म्हणून एका योजनेत प्रस्ताव पाठवला होता. नाकारला गेला. एका परीक्षकाचा शेरा : ‘नवं गणित नाही.’ दुसऱ्याचा : ‘आकडेवारी कुठून आणणार?’ मॅडम, मी नेमकं कुणाचं समाधान करायचं?

उत्तर : दोघांचं एकदम करायला जाऊ नका. अशा प्रस्तावांची परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडचं सांगते. समोर फायलींचा ढीग असतो आणि एकेका फायलीच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. गणिताच्या समितीतले लोक विचारणार, सिद्ध काय होणार? जीवशास्त्र किंवा वैद्यकाच्या समितीतले विचारणार, यातून आम्हाला नवं काय कळणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अर्धा प्रस्ताव याला आणि अर्धा त्याला वाढला की दोघंही अर्धपोटी उठतात. त्यामुळे कागद कोणत्या समितीकडे जाणार ते आधी ठरवा आणि त्यांच्याच प्रश्नाला पुरतं उत्तर द्या. दुसऱ्या विषयाची बाजू तुम्ही सांभाळू नका. त्यासाठी त्या विषयातला माणूस को-पीआय, म्हणजे सह-संशोधक म्हणून घ्या. ‘सल्लागार : अमुक तमुक, एम.डी.’ अशी शेवटच्या पानावरची ओळ कुणालाही पटत नाही.

असा माणूस का लागतो, याचं चांगलं उदाहरण मुंबईचंच आहे. १९२७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा साथींच्या गणितावरचा लेख आला. कोविडच्या काळात ज्या एसआयआर प्रारूपाचं (लागण होण्याजोगे, बाधित आणि साथीतून बाहेर पडलेले असे लोकांचे तीन कप्पे) नाव वर्तमानपत्रांतही दिसायला लागलं, त्याचं मूळ या लेखात आहे. त्यात एक आलेख आहे : मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. त्या ठिपक्यांवरून त्यांनी सूत्राने एक वक्ररेषा काढली. तिचा कळस सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला येतो आणि तिथे आकडा आहे आठवड्याला ८९० मृत्यू.

या दोघांपैकी पेशाने गणिती कुणीच नव्हता. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. आता त्यांच्या प्रारूपातली एक छोटी गोष्ट बघा. त्यांना साथीतून ‘बाहेर पडणाऱ्यांचा’ वेग हवा होता, म्हणजे बरे झालेले अधिक दगावलेले. हातात होते फक्त मृत्यू. त्यांनी लिहिलं की नोंद झालेल्या रुग्णांपैकी निदान ८० ते ९० टक्के दगावतात, तेव्हा मृत्यूंचा वेग हाच बाहेर पडण्याचा वेग धरायला हरकत नाही. ही सोय गणिताच्या पुस्तकात सापडत नाही, ती प्लेग माहीत असलेल्या माणसालाच सुचते.

त्याच लेखात एक कबुलीही आहे. माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब, प्रारूपाची गृहीतकं तिथे पुरती लागू पडत नाहीत आणि म्हणून रेषा ढोबळ समजावी, असं त्यांनीच म्हटलं होतं. परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिन संस्थेत, उंदीर आणि पिसवांचा हा संबंध त्याच सुमारास तपासला जात होता. शिवाय मुंबईत ही साथ वर्षानुवर्षं ठरावीक मोसमात चढायची आणि उतरायची. मग रेषा खाली आली ती लागण होण्याजोगी माणसं कमी झाली म्हणून की हवा बदलली म्हणून, हे एका मोसमाच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. यावर अगदी अलीकडेही लेख लिहिले गेले आहेत. रेषा ठिपक्यांवर बसली म्हणजे कारण सापडलं, असं मानणारे प्रस्ताव माझ्याकडे कितीतरी यायचे.

तुमच्या डेंग्यूकडे येते. दुसऱ्या परीक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आहे. आरोग्यसेवक घरोघर फिरून पिंपं, टाक्या, कुंड्या, टायर तपासतात, कशात अळ्या सापडल्या ते लिहितात आणि त्यावरून हाऊस इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्या सापडलेली घरं) आणि ब्रेटू इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी) काढले जातात. ती नोंद आणि रुग्णांची नोंद आठवडावार समोरासमोर ठेवली की तुमच्या समीकरणांतल्या डासाला खरे आकडे मिळतात. आणि डॉक्टर तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगेल : सरकारी हिशेबात निश्चित रुग्ण धरला जातो तो एलायझा चाचणीवरून. खासगी लॅबमध्ये नुसत्या रॅपिड कार्डवर ‘पॉझिटिव्ह’ आलेले बरेच जण त्या आकड्यात नसतात. म्हणजे तुमच्या प्रारूपात ‘नोंद न झालेले’ असा एक कप्पा लागणार, आणि तो किती मोठा याचा अंदाज कसा बांधायचा, हा चांगला गणिती प्रश्न आहे. पहिल्या परीक्षकाला हवं होतं ते ‘नवं गणित’ कदाचित तिथेच निघेल.

आता पैसा. गणितासाठी सर्बने (केंद्राचं सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड) मॅट्रिक्स ही योजना आणली होती : वर्षाला २ लाख रुपये, तीन वर्षं, छोटा प्रस्ताव, नियमित पदावरच्या अध्यापकांसाठी. २०२३ च्या कायद्याने सर्ब ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’मध्ये सामावलं गेलं आणि ही योजनाही तिकडे गेली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत असलेल्यांसाठी या फाउंडेशनची पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँटही आहे. तिची जाहिरात वयाच्या आणि रुजू झाल्याच्या तारखेच्या अटींसकट नीट वाचा. तुमच्या कामाला पहिल्यांदा मॅट्रिक्सच पुरे. २ लाख ऐकून नाक मुरडू नका. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर यांतच ते संपवू नका, एवढंच. पायथन आणि आर फुकट आहेत. पैसे प्रवासावर खर्च करा : हिवताप कार्यालयाच्या चकरा, एखाद्या संस्थेत उन्हाळ्यात महिनाभर मुक्काम, को-पीआय डॉक्टरला तुमच्या चर्चासत्राला बोलावणं. एथिक्स कमिटीची परवानगी आणि आकडेवारी वापरण्याचं पत्र, दोन्हींसाठी अर्ज आजच करा. ते मिळायला महिने जातात आणि तोवर मंजुरी आली तर पहिलं वर्ष वाया जातं. यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो, हे तुमच्या कॉलेजच्या अकाउंटंटला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र कुठलीच योजना देत नाही : तुमचे आठवड्याचे सोळा तास. प्रोजेक्ट मिळाला म्हणून तासिका कमी होत नाहीत. आपल्या योजनांमधली ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते आणि समितीच्या बैठकांत मी ती अनेकदा बोलून दाखवली आहे. निदान आठवड्यातला एक दिवस मोकळा राहील असं वेळापत्रक प्राचार्यांकडून लेखी घ्या. ओव्हरहेडची, म्हणजे अनुदानातून संस्थेला मिळणारी रक्कम कॉलेजच्या खात्यात पडल्यावर तोंडी आश्वासनाची फारशी आठवण राहत नाही.

प्रश्न : मी परभणीत तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडी संख्याशास्त्रात, पण विषय पिकांच्या जनुकीय नकाशांचा. वय ३६, मधली काही वर्षं मुलीसाठी घरी होते. जिकडे बघावं तिकडे ‘नियमित पद आवश्यक’. आमच्यासारख्यांनी संशोधन सोडूनच द्यायचं का?

उत्तर : सोडू नका, पण अध्यापकांसाठीच्या योजनांकडे बघणं आत्ता सोडा. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असताना तुम्ही अनुदानाच्या जगात अध्यापक धरल्या जात नाही. हे अन्यायाचं आहे, पण ते बदलेपर्यंत थांबणं तुम्हाला परवडणार नाही. तुम्ही पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधक म्हणून अर्ज करा. तिथे पद लागत नाही, यजमान संस्था आणि मेंटॉर लागतो.

नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची वयोमर्यादा ३५ आहे, पण स्त्रियांना ५ वर्षांची सवलत मिळत आली आहे, म्हणजे तुम्ही बसता. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ खास स्त्रियांसाठी आहे आणि त्यात गणितही येतं. अणुऊर्जा विभागाच्या नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सकडेही पोस्टडॉक फेलोशिप आहेत, पण तुमचा विषय पाहता तिथे गणिताची बाजू भक्कम दाखवावी लागेल. इन्स्पायर फॅकल्टीची वयाची अट आधी तपासून घ्या. पीएचडी व्हायची आहे अशा मैत्रिणी असतील तर त्यांना बार्टी, सारथी किंवा महाज्योती यांपैकी ज्या संस्थेत त्या बसतात तिथली फेलोशिप बघायला सांगा.

मेंटॉरला पहिलं ईमेल लिहाल त्यात बायोडेटा पुढे करू नका. त्यांचा एखादा प्रकाशित डेटासेट घ्या, तुमच्या पद्धतीने पुन्हा तपासा आणि जे निघालं ते एका पानात लिहून पाठवा. पिकांच्या प्रजननावर काम करणाऱ्यांना असं संख्याशास्त्र जाणणारं माणूस सहजासहजी मिळत नाही. परभणीला तर कृषी विद्यापीठ तुमच्या दारातच आहे, सुरुवात तिथूनही करता येईल.

आणि हो, नकाशे करताना तुम्ही कोसंबी फंक्शन, म्हणजे जनुकांच्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून नकाशावरचं अंतर काढणारं सूत्र, वापरत असणारच. ते आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचं. गोव्यात जन्मलेला हा गणिती फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असतानाच्या काळातलं ते काम आहे, आणि पिकांचे नकाशे करणारी सॉफ्टवेअर्स आजही तो पर्याय देतात. मुलाखतीत कुणी ‘गणितातलं माणूस शेतीत कशाला?’ म्हणालं तर हे नाव घ्या.

प्रश्न : मी पुण्याची, सध्या पिट्सबर्गला पोस्टडॉक. गणितातली पीएचडी अमेरिकेतच केली, आता ट्यूमरच्या वाढीवर काम करते. इथली बहुतेक फेलोशिप ग्रीन कार्ड असल्याशिवाय मिळत नाहीत. बॉस म्हणतो, ‘लवकर स्वतःची ग्रँट आण.’ कुठून आणू?

उत्तर : तुझं निरीक्षण बरोबर आहे. एनएसएफची (नॅशनल सायन्स फाउंडेशन) गणितातली पोस्टडॉक फेलोशिप, एनआयएचची (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ) एफ-३२ आणि टी-३२ या ट्रेनिंगच्या जागा, सगळ्या नागरिक किंवा कायम रहिवाशांसाठीच. पण एनआयएचच्या के-९९/आर-०० ला, म्हणजे पोस्टडॉकमधून स्वतंत्र संशोधनाकडे जाण्यासाठीच्या अनुदानाला, ही अट नाही. पोस्टडॉकचा अनुभव ४ वर्षांपेक्षा जास्त नको, हा तिचा मुख्य काटा. अर्ज परत पाठवायची वेळ हमखास येते, म्हणून तिसऱ्या वर्षाची वाट बघू नकोस.

दुसरी बरोज वेलकम फंडाची, सायन्टिफिक इंटरफेसवरची करिअर अवॉर्ड. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, अभियांत्रिकी अशा विषयांत पीएचडी करून जीवशास्त्राकडे वळलेल्यांसाठीच ती आहे आणि अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनाही चालते. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिपही नेमकी तुझ्यासारख्यांची आहे, पण तिच्यासाठी पीएचडीचा देश सोडावा लागतो, म्हणजे तुझ्या बाबतीत अमेरिका. परत यायचं मनात असेल तर हैदराबादच्या इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप बघ. तिला कायम पद लागत नाही, आणि प्रश्न मानवी आरोग्याशी जोडलेला असला की अर्जदार गणितातला असल्याने अडत नाही. बॉसला सांग, शिफारसपत्राचा मसुदा दोन महिने आधी हवा. शेवटच्या रात्री लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं.

प्रश्न : एमएस्सी गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव नांदेड जिल्ह्यात. मला गणित आणि जीवशास्त्र एकत्र करायचं आहे, पण इथे शिकवणारं कुणी नाही. स्वतःच्या खर्चाने पुण्या-मुंबईला राहणं शक्य नाही.

उत्तर : स्वतःचा खर्च फारसा लागणारच नाही. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा उन्हाळी प्रशिक्षणाचा कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे. निवड झाली की राहण्या-जेवणाची सोय तेच करतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही, दिवसभर ‘का?’ विचारतात. पहिला आठवडा जड जातो. आयआयटी मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या शाळा त्यानंतरच्या, पीएचडीला लागलेल्यांना जास्त उपयोगी. बेंगळुरूचं आयसीटीएस (इंटरनॅशनल सेंटर फॉर थिऑरेटिकल सायन्सेस) जीवशास्त्र आणि गणित यांच्या सीमेवरच्या शाळा भरवतं. त्यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, तेव्हा निवड होण्याआधीच ऐकायला लाग. आणि पुढच्या सुट्टीत बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक पुन्हा काढ, आनुवंशिकतेचं प्रकरण पहिलं. सीएसआयआर नेटचा अभ्यास वेगळा चालूच ठेव : जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि गाइड निवडायची मोकळीक, दोन्ही हातात येतात.