क्लचमध्ये कॉइल स्प्रिंग बरी की डायफ्रॅम?

जुन्या जीपच्या प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेटला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, दाबून धरणारा भाग) कॉइल स्प्रिंगा दिसल्या आणि भावाच्या कारमध्ये चिरा पाडलेली पोलादी बशी, म्हणजे डायफ्रॅम, तर दोन्हींत बरं काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक. क्लच प्लेटच्या मधोमध ज्या बुटक्या स्प्रिंगा असतात त्या यात धरू नका. त्या इंजिनाचे झटके गिळायला असतात आणि दोन्ही प्रकारांत सापडतात. पहिल्यांदा क्लच खोलला तेव्हा मीही तिथेच फसलो होतो.

खरा फरक लायनिंग, म्हणजे क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर, झिजल्यावर कळतो. कॉइलचा हिशेब सरळ आहे, जितकी दाबाल तितका जोर. लायनिंग पातळ झालं की स्प्रिंग तेवढी सैलावते, पकड कमी होते आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं. डायफ्रॅमचं तसं नाही. ती बशी दाबत नेली की जोर आधी वाढतो आणि एका टप्प्यानंतर उतरतो. नवी बसवताना ती त्या टप्प्याच्या पलीकडे असते. लायनिंग झिजेल तशी ती टप्प्याकडे मागे येते, म्हणून पकड टिकते. जड होतं ते पेडल. केबल ठीक असूनही पेडल दिवसेंदिवस जड होत असेल, तर क्लच प्लेट झिजली असावी असा मी आधी संशय घेतो. नव्या डायफ्रॅमचं पेडल मात्र हलकं, कारण दाबताना जोर उतरत जातो. कॉइलचा वाढत जातो. ट्रॅफिकमध्ये गुडघ्याला विचारा!

फार जास्त आरपीएमला कॉइल स्प्रिंगा बाहेरच्या बाजूला वाकतात आणि पकड घटते, पण जीपला तेवढं कोण पळवतो?

कॉइलची जमेची बाजू म्हणजे दुरुस्ती. स्प्रिंगा बदलता येतात, फिंगर (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट मागे ओढणाऱ्या छोट्या तरफा) ॲडजस्ट करता येतात. फक्त तिन्ही फिंगर एका उंचीला हव्यात, नाहीतर गाडी उचलताना थरथरते. डायफ्रॅमचं एक बोट, म्हणजे दोन चिरांमधली पट्टी, तुटलं की अख्खी प्रेशर प्लेट बदला. बहुतेक मोटरसायकलींत अजून कॉइलच आहेत. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच या तुलनेत बसत नाही, तिथे स्प्रिंगा शूंना (फिरताना बाहेर सरकून पकडणारे तुकडे) आत ओढून धरतात.

तुमच्या जागी मी असतो तर फिंगर नीट लावणारा मिस्त्री हाताशी असेपर्यंत कॉइलच ठेवली असती. तसा कोणी नसेल तर डायफ्रॅम घाला, पण फ्लायव्हीलची भोकं जुळतात का आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर बोटांना दाबणारं बेअरिंग) त्या बोटांवर सपाट टेकतं का, हे गिअरबॉक्स चढवायच्या आधी बघा.