चुना टाकला की मातीतले सगळे जड धातू बांधले जातात का?

नाही, आणि इथेच घात होतो. शिसे, कॅडमियम, जस्त यांचे धनभारित आयन सामू (pH, मातीच्या आम्ल-अल्कतेचे माप) वाढला की मातीच्या कणांना चिकटतात किंवा अविद्राव्य होतात (सामू फारच चढला तर शिसे आणि जस्त पुन्हा विरघळतात). आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम (संयुजा सहा असलेले रूप) मात्र बहुतेक ऋणभारित रूपात असतात. चुन्याने ते उलट सुटून भूजलात उतरू शकतात. क्रोमियमसाठी लोहचूर्ण वापरतात. त्याने विषारी षट्संयुजी रूपाचे त्रिसंयुजी होते आणि ते जागीच बसते. सेंद्रिय पदार्थ घालूनही हे साधते, पण शेजारी आर्सेनिक असेल तर जपा: हे पदार्थ कुजताना मातीतला ऑक्सिजन संपला की लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांनी धरलेले आर्सेनिक मोकळे होते. म्हणून धातूचे नुसते एकूण प्रमाण मोजून भागत नाही. सामू, रेडॉक्स स्थिती (माती ऑक्सिडीकारक आहे की क्षपणकारक) आणि धातूचे रूप आधी तपासून घ्या.